पायाखालची जमीन सरकते तेव्हा

इमॅजिका पार्कात नायट्रो या रोलर कोस्टरच्या खुर्चीत बसलो आणि पायाखालची जमीन खरोखरच सरकली. पाय अधांतरी. चपला आधीच काढून ठेवलेल्या.

शेजारी एक अनोळखी काकू, साठीच्या. अनवाणी पायांत जोडवी. साखळी खडखडत वर ओढायला लागली तशा पुटपुटल्या, "घरी सांगू नका हं कुणाला, मी बसले ते."

मी कुणाला सांगणार, कप्पाळ!

132 फुटांवरून जे कोसळलो ते पुढे पाच वेळा उलटेपालटे. मी डोळे गच्च मिटून, ताशी 105 किलोमीटरचा वेग कसला दिसतोय. काकू मात्र पोटातून ओरडत होत्या. मधेच चक्क हसल्यासुद्धा.

उतरल्यावर त्यांनी जोडवी चाचपली, केस बसवले, फोन लावला.

"छे गं, मी खालीच उभी होते."

पलीकडे कोण असेल?