पत्त्याचा रकाना

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. महापालिकेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्यापासून नगरसेवक, सोसायट्यांचे अध्यक्ष आणि अलीकडे माझी भाचीसुद्धा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: "आमच्या भागाला नेमकी गरज कशाची आहे, मोठ्या रुग्णालयाची की आणखी कशाची, हे आकड्यांवरून सांगता येते का?" सांगता येते, पण आकडा वाचण्याआधी मी त्याच्या शेजारचा पत्त्याचा रकाना वाचते, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच जातो.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार मृत्यू 21 दिवसांच्या आत कळवायचा असतो, आणि तो नोंदला जातो जिथे घडला तिथे. माणूस राहत होता तिथे नव्हे. त्यामुळे ज्या प्रभागात मोठे सरकारी रुग्णालय असते, तो प्रभाग कागदावर शहरातला सर्वांत आजारी प्रभाग ठरतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी नवजात बालकांच्या मृत्यूंची प्रभागनिहाय यादी अशीच, न तपासता, बैठकीत ठेवली होती. रुग्णालयाचा प्रभाग अर्थातच सर्वांत वर होता आणि तिथल्या सिस्टर व आशाताईंना सर्वांसमोर जाब विचारला गेला. नंतर कधीतरी संध्याकाळी मी तेच अर्ज आईच्या राहत्या पत्त्याप्रमाणे पुन्हा लावले, तेव्हा दिसले की त्यांतली बहुतेक बाळे शेजारच्या तालुक्यांतून, जन्मल्यावर काही तासांनी, मिळेल त्या वाहनाने आणलेली होती. ज्या प्रभागाला आम्ही दोष दिला, तो त्या बाळांना वाचवण्याची धडपड तेवढी करत होता. त्या सिस्टरांची मी नंतर माफी मागितली, पण ती बैठकीत मागायला हवी होती.

पत्त्यानंतर कारण. देशात 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू जेमतेम 22.5 टक्के होते. शहरांत परिस्थिती बरी असते, तरी प्रमाणपत्रावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असे लिहिलेले असले की त्याचा मला काही उपयोग नसतो, कारण हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. अर्जात कारणांची साखळी विचारलेली असते: शेवटी काय झाले, ते कशामुळे झाले, आणि त्याच्या मुळाशी कोणता आजार होता. शहराच्या नियोजनाला हवी असते ती ही शेवटची ओळ, आणि घाईच्या वेळी रिकामी राहते तीही हीच.

आकडा वाढला म्हणजे आजार वाढला, असेही नसते. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांनाही 2012 पासून बंधनकारक झाले. ज्या भागातले डॉक्टर प्रामाणिकपणे कळवू लागतात, तिथला आलेख चढतो आणि वर्तमानपत्रात तो भाग बदनाम होतो. डेंग्यूचे उलटे होते. सरकारी हिशोबात प्रयोगशाळेतल्या एलायझा या रक्तचाचणीने निश्चित झालेला रुग्णच धरला जातो, झटपट किटवर निघालेला 'संशयित' राहतो, म्हणून जिथले लोक किटवरच थांबतात तो भाग निरोगी दिसतो. यादीत येतो तो आजारी पडलेला माणूस नव्हे, तर तपासला गेलेला माणूस. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्ट्यांतल्या 57 टक्के आणि बाकीच्या वस्तीतल्या 16 टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडली. हे चित्र चाचणी करून घेतलेल्यांच्या यादीतून दिसणे शक्यच नव्हते.

पत्त्याचे मोल समजून घ्यायचे असेल तर जानेवारी 2025 मधले पुणे आठवावे. गुलेन बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंवर घाला घालून हातपाय लुळे करणारा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. एखाद्या रुग्णालयात असे तीन रुग्ण एका आठवड्यात आले तर डॉक्टर चकित होतील, त्यांवर उपचार करतील, पण शेजारच्या रुग्णालयातही तसेच तीन आहेत हे त्यांना कळणार नाही. सगळ्यांचे पत्ते एका नकाशावर मांडले गेले तेव्हा ते सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गोळा झालेले दिसले, आणि लक्ष विहिरीच्या व टँकरच्या पाण्याकडे गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला; तो दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो आणि या आजाराला निमित्त ठरू शकतो. संशयित रुग्णांची संख्या पुढे 200 च्या वर गेली. त्यांना अतिदक्षता विभाग लागला, महागडी इंजेक्शने लागली, हे खरेच. पण त्या पट्ट्याची गरज काय, या प्रश्नाला नकाशाने दिलेले उत्तर क्लोरीन आणि जलवाहिनी हे होते.

ही गावे महापालिकेत आली ती 2017 आणि 2021 साली, तर शेवटची जनगणना 2011 ची. म्हणजे हजारी प्रमाण काढायचे तर भागायचे कशाने, हाच प्रश्न. अंशातल्या आकड्यावर आपण वाद घालतो, छेद मात्र अंदाजे असतो. त्यातही बांधकामावरचा मजूर पत्ता विचारल्यावर गावाकडचा सांगतो, कारण आधार कार्डावर तोच असतो. त्याचा हिवताप या शहरातल्या साचलेल्या पाण्यातून आलेला असला तरी कागदोपत्री गावी निघून जातो, आणि त्या बांधकामाभोवती फवारणी करायला कोणी फिरकत नाही.

म्हणून मोठ्या रुग्णालयाची मागणी घेऊन येणाऱ्यांना मी एक काम सांगते. क्षेत्रीय कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा आणि गेल्या तीन वर्षांतल्या मृत्यूंची यादी नावे वगळून, वय, कारण आणि राहण्याचा भाग यांसह मागा. मिळाली की कारणांकडे वळण्याआधी राहण्याच्या भागाचा रकाना किती ओळींत कोरा आहे, ते मोजा, आणि तो आकडा घेऊन माझ्याकडे या.