तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या साथींमधून आत्ता उपयोगी पडेल असं काय आहे?

जुन्या साथींबद्दल वाचायचं मला वेड आहे हे ओळखीतल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुठे नवीन व्हायरसची बातमी आली की हमखास मेसेज येतो, "तू एवढं वाचतेस, मग सांग ना, त्यातून आपण काय शिकायचं?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा मास्क, लस, हात धुणे असलं काहीतरी ऐकायचं असतं. ते बरोबरच आहे, त्यात वाद नाही. पण मला विचाराल तर गोष्ट वेगळीच आहे. आजार उघड केला की आपलंच नुकसान होणार असं दिसलं की माणूस तो लपवतो, आणि एकदा का ही लपवालपवी सुरू झाली की साथ कायम आपल्या दोन पावलं पुढे राहते.

कोरोनात बघितलंय ना आपण सगळ्यांनी, कुणाला ठसका लागला की पहिलं वाक्य "ॲलर्जी आहे हो मला, दरवर्षी होतं". कारण टेस्ट पॉझिटिव्ह आली की दारावर कागद चिकटणार, पगार कापला जाणार, आणि शेजारीपाजारी बरे झाल्यावरसुद्धा महिनाभर लांबून बोलणार. मग कोण सांगेल?

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे १८९७ चा पुण्याचा प्लेग. साथ आवरायला नेमलेला इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या कमिटीने मार्चमध्ये घरझडत्या सुरू केल्या, गोरे सोजीर थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात घुसायचे, बायकाबापड्यांची तपासणी करायचे, रोगी सापडला की त्याला हॉस्पिटलात न्यायचे, घरातल्या बाकीच्यांची रवानगी सेग्रिगेशन कँपात आणि सामानसुमान बऱ्याचदा जाळून टाकायचे. लोकांनी काय केलं? रोगी लपवले, मयत लपवली, आणि ज्यांना जमलं ते गाव सोडून पळाले. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या हे आपण शाळेत शिकतो, पण क्रांतिकारकांच्या धड्यात, सार्वजनिक आरोग्याच्या धड्यात ते कुणी शिकवत नाही, खरंतर तिथेही शिकवायला हवं.

आणि यातली क्रूर गंमत बघा, प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. म्हणजे एवढी झाडाझडती माणसांची चालली होती आणि उंदीर आपले खुशाल हिंडत होते.

त्याच शहरात, त्याच सुमाराला सावित्रीबाई फुले काय करत होत्या तर आजाऱ्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, गावाबाहेरच्या दवाखान्यात आणत होत्या. एका आजारी पोराला तर पाठीवर घेऊन आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. औषध म्हणाल तर यशवंतकडे सरकारपेक्षा वेगळं काही नव्हतं, तेव्हा प्लेगवर नेमका उपाय कुणाकडेच नव्हता. फरक होता तो दारात कोण येतंय याचा. सावित्रीबाईंच्या पाठीवर आईबाप आपलं पोर देतात, सोजिराला बघून तेच पोर माळ्यावर लपवतात.

आता कुणी म्हणेल इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट सोडा. बरं, मग २०१४ ची इबोलाची साथ घ्या, पश्चिम आफ्रिकेतली. इबोलाने गेलेल्याच्या मृतदेहातूनही लागण होते, त्यामुळे अंगभर सूट घातलेली माणसं यायची, मृतदेह बॅगेत घालायची आणि घेऊन जायची. ना अंघोळ, ना प्रार्थना, कुठे पुरलं तेही कित्येक घरांना कळायचं नाही. लोकं मयत लपवायला लागली, रात्रीत गुपचूप दफन करायला लागली, आणि त्यातून साथ अजून फोफावली. मग डोकी ठिकाणावर आली म्हणायची, नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने पद्धत बदलली. टीमने सूट घालायच्या आधी घरच्यांना चेहरा दाखवून बोलायचं, इमाम किंवा पाद्री हजर ठेवायचा, घरच्यांना लांबून का होईना प्रार्थना करू द्यायची, कबर कुठे आहे ते दाखवायचं. बॅग तीच, सूट तेच, जंतुनाशक तेच!

देशादेशांचंही अगदी असंच असतं, माणसांपेक्षा जरा जास्तच. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार, ओमिक्रॉन, शोधला आणि तातडीने जगाला सांगितला, तर बक्षीस काय मिळालं, दोन-तीन दिवसांत त्यांचीच विमानं बंद. पुढे नेदरलँड्सने जुने सॅम्पल तपासले तर त्यांच्याकडे तो १९ नोव्हेंबरलाच होता, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने सांगायच्याही आधी. पुढच्या वेळी एखादा देश चार दिवस गप्प बसला तर त्याला नावं ठेवताना हे आठवा.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग काय, कडक नियम नकोतच का?" हवेत ना! १९१८ च्या फ्लूत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या अधिकाऱ्यांनी घाबरण्यासारखं काही नाही असं सांगत २८ सप्टेंबरला युद्धनिधीची परेड होऊ दिली, दोनेक लाख लोक रस्त्यावर, आणि काही दिवसांतच हॉस्पिटलात जागा उरली नाही. तिथल्याच सेंट लुईस शहराचा आरोग्य अधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ, त्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, थिएटरं, चर्च सगळं बंद केलं. त्या साथीत तिथला मृत्यूदर फिलाडेल्फियाच्या निम्म्याच्या आसपास राहिला. हा पण कडकपणाच होता, फक्त कुलूप थिएटरला लागलं, आजारी माणसाच्या घरात कुणी बूट घालून घुसलं नाही. अर्थात धंदेवाले बोंबलले, नोव्हेंबरच्या मध्यात तिथेही निर्बंध सैल केले, आणि केसेस वाढल्यावर परत सगळं बंद करायची वेळ आली.