अनुक्रमणिकेतल्या कमलाबाई

नागपुरात मे महिन्यात हौसेने कोणी जात नाही. मी एका लग्नासाठी गेले होते. लग्न, जेवणावळी आणि संत्रा बर्फीची खरेदी यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते दुसऱ्या दिवशी एका जुन्या ग्रंथालयात काढलेल्या वेळेविषयी.

कमला सोहोनी म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, एवढीच ओळख आपल्याकडे पुष्कळांना असते. या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंचे निबंध मूळ छापील रूपात पाहावेत अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि त्या ग्रंथालयात जुन्या संशोधन नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत असे कळले होते. दाराशी आधी ओळखपत्र मागितले, मग संस्थेचे पत्र मागितले, आणि ते नाही म्हटल्यावर ‘साहेब’ येईपर्यंत थांबायला सांगितले. वाचायला आलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची ही रीत मला कधीच कळलेली नाही. कपाटे उघडणारे काका मात्र निराळे होते. “कोणाचं शोधून राहिल्या मॅडम?” असे विचारत त्यांनी कूलरचे तोंड माझ्याकडे वळवले आणि साहेबांची वाट न पाहता खंड काढून दिला.

खंड ‘बायोकेमिकल जर्नल’चा, १९३५ सालचा. पाने कडांना तपकिरी झालेली, शिवण ढिली. त्यात डाळींमधील प्रथिनेतर नायट्रोजनावरचा निबंध सापडला. लेखक भागवत, म्हणजे लग्नाआधीच्या कमलाबाई, आणि श्रीनिवासय्या. आकड्यांच्या त्या कोरड्या तक्त्यांमागे काय घडले होते, याचा त्या पानावर मागमूसही नाही. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून कमलाबाईंना प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर उमेदवारी आणि काम पसंत पडले तरच मान्यता, अशा अपमानास्पद अटींवर त्यांना घेतले गेले. हा निबंध त्यानंतर अवघ्या दोन वर्षांचा आहे, हे ध्यानात आल्यावर मी ते तक्ते, फारसे समजत नसतानाही, शेवटपर्यंत वाचले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनावर काम करताना, पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवले. जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये हिल आणि भागवत यांचे टिपण आले.

त्यानंतर अनुक्रमणिकेत ‘भागवत’ हे नाव विरळ होत जाते, कारण १९४७ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि ‘सोहोनी’ या नावाने लिहू लागल्या. नीरा, ताडगूळ, कडधान्यांतली ट्रिप्सिनला (प्रथिने पचवणाऱ्या पाचकरसाला) अटकाव करणारी द्रव्ये, हे गरिबाच्या ताटाशी निगडित काम सगळे दुसऱ्या नावाखाली आहे. एकाच बाईंची कारकीर्द वर्णानुक्रमाने दोन ठिकाणी तुटलेली पाहून मला ग्रंथपालांपेक्षा आपल्या सगळ्यांचाच राग आला. अमुक शास्त्रज्ञाचे कागद म्हणून एका जागी नीट लावलेले बाड हाती येण्याचे सुख इथे नाही.

दुपारी ऊन टाळण्यासाठी गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात गेले. हेच रामन १९१० मध्ये सरकारी हिशेबखात्यातले अधिकारी म्हणून नागपुरात होते. माणूस मोठाच, त्यात वाद नाही; त्यांनी पुढे मुलींना आपल्या हाताखाली घेतले, हेही खरे. तरीही सकाळचा तो खंड डोक्यात असल्यामुळे त्या इमारतीवरचे नाव मला काही मोकळ्या मनाने वाचता आले नाही.

कमलाबाईंचे काम कोणाला शोधायचे असेल तर दोन्ही आडनावांखाली शोधा, संस्थेचे पत्र बरोबर ठेवा आणि मे महिना टाळा. झेरॉक्सची आशा धरू नका. यंत्र होते, पण ते चालवणारा माणूस रजेवर होता, म्हणून १९३५ चे ते तक्ते मी हाताने उतरवून आणले आहेत.