कऱ्हाडचा ऱ्ह

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

काल रात्रभर ढोल, आज दुपारपर्यंत मिरवणूक चालूच, झोप नाहीच म्हणून लॅपटॉप उघडून बसलो आणि शेवटी ती मेल वाचली जी आठवडाभर मुद्दाम उघडली नव्हती. सब्जेक्टमध्येच आयटीएस लिहिलेलं, म्हणजे इंटेंट टू सॅल्व्हेज. डेबियन म्हणजे जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात ती फुकट लिनक्स, तिच्यात एखाद्या पॅकेजचा, म्हणजे इन्स्टॉल करायच्या एका सॉफ्टवेअरचा, मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, बरेच महिने काहीच करत नसेल तर दुसऱ्या कुणीतरी येऊन जाहीरपणे सांगायचं की मी हे ताब्यात घेऊ इच्छितो, मग २१ दिवस थांबायचं, जुना मेंटेनर काही बोलला नाही तर पॅकेज अपलोड करायचं, ते पण ७ दिवसांच्या उशिराच्या रांगेत टाकून, म्हणजे तेवढ्यात तो जागा झाला तर थांबवू शकतो. सॅल्व्हेज हा शब्द बुडालेल्या जहाजावरचा माल वर काढतात त्याला वापरतात. तर माझं जहाज बुडालंय असं एका पोरीने अतिशय नम्र भाषेत कळवलेलं होतं.

आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. २०१६ पासून हे पॅकेज माझ्याकडे आहे, देवनागरी फॉन्टचं, फुकटात, ऑफिस सुटल्यावर, आणि आता ही कोण सांगणार. मग तिने खाली दिलेल्या बगचा नंबर उघडला. जुलै २०२४ चा बग. "माझ्या गावाचं नाव या फॉन्टमध्ये नीट दिसत नाही." गाव कऱ्हाड. स्क्रीनशॉट जोडलेला, ऱ्ह मधली ती अर्ध्या र ची चंद्रकोर सरळ ह च्या पोटात घुसलेली. सोबत पॅच पण, म्हणजे दुरुस्तीचा कोड. चौदा महिने. मी एका शब्दाने उत्तर दिलेलं नाही.

सबबी आहेत माझ्याकडे. मार्चपासून ट्रिक्सीचा, म्हणजे डेबियनच्या नव्या आवृत्तीचा, फ्रीज होता, रिलीज ९ ऑगस्टला झाली, फ्रीजमध्ये काही ढकलता येत नाही वगैरे. पण बग आला तेव्हा फ्रीज कुठे होता, आणि "बघतो" एवढा शब्द टाईप करायला कुठला फ्रीज आडवा येतो.

त्यातली खरी वाईट गोष्ट मला आत्ता रात्री अकरा वाजता कळतेय. मला वाटायचं मी काही करत नाही म्हणजे फार तर पॅकेज जुनं राहतं. तसं नाहीये. डेबियनमध्ये कंट्रोल फाईलमध्ये मेंटेनर म्हणून ज्याचं नाव असतं त्याच्या पॅकेजला दुसरा सहसा हात लावत नाही, लावलाच तर एनएमयू, म्हणजे मेंटेनर नसताना केलेलं अपलोड, करतो, त्यातही कमीत कमी बदल करायचे असा रिवाज आहे. म्हणजे माझं नाव तिथे होतं म्हणूनच चौदा महिने बाकी कुणी तो पॅच लावला नाही. सगळे समजत होते की हा माणूस आहे ना. ते नावच नसतं तर कुणीतरी आठवड्यात लावून टाकला असता.

उत्तर लिहिलं. २१ दिवस थांबायची गरज नाही, आनंदाने घे, आणि बगबद्दल माफ कर. पाठवायला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास "आनंदाने" हा शब्द ठेवू का काढू यात गेला.

रविवार, १४ सप्टेंबर

एक द्यायचंच आहे तर बाकीचे पण बघू म्हणून यादी काढली. माझ्या नावावर सात पॅकेजं. सात! मला विचारलं असतं तर मी चार सांगितली असती.

तीन पर्लची होती ती पर्ल टीमला दिली, त्यांनी दोन दिवसात घेतली, तिथे हजारो पॅकेजं एकत्र सांभाळतात, एकाने नाही बघितलं तर दुसरा बघतो. हे मी पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं पण तेव्हा "माझं" वाटायचं. एक छोटं टूल आहे त्याचा अपस्ट्रीमच, म्हणजे मूळ प्रकल्पच, बंद पडलाय, ते अर्काईव्हमधून काढून टाका अशी विनंती टाकली. त्याआधी पॉपकॉन, म्हणजे कुणाकडे काय इन्स्टॉल आहे त्याची ऐच्छिक मोजणी, बघितलं, नऊ इन्स्टॉल. पॉपकॉन काही सगळे चालू ठेवत नाहीत त्यामुळे खरे थोडे जास्त असतील, पण त्या नऊ जणांचं मला उगाच वाईट वाटलं, त्यातला एक मीच आहे हे नंतर लक्षात आलं. एकाला आरएफए लावलं, म्हणजे कुणी घेतं का बघा, तोवर मी आहे. एकाला ओ. ओ म्हणजे ऑर्फन, अनाथ. मग मेंटेनरच्या जागी क्यूए ग्रुपचं नाव लागतं, म्हणजे सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही. आणि जो घेतो तो म्हणे अडॉप्ट करतो, दत्तक. हे शब्द कुणी निवडले माहीत नाही पण ते फॉर्म भरताना आपण कुठल्यातरी संस्थेच्या दारात पाळणा ठेवून पळतोय असं वाटतं.

आईला सांगितलं की मी एक काम सोडतोय. तिने विचारलं पगार किती होता. म्हटलं नव्हता. "मग सोडायचं काय त्यात, जाऊ नको उद्यापासून."

आणि सातवं ते फॉन्टचं. त्याच्यासाठी रीडमी डॉट सोर्स लिहायला घेतली, म्हणजे पुढच्या माणसाला माहीत असायला हवं ते सगळं. वाटलं होतं अर्धा तास. चार संध्याकाळी गेल्या.

कारण अर्ध्या गोष्टी डोक्यातच होत्या. अपस्ट्रीमला मेल केली तर कधी उत्तर येत नाही पण त्यांच्या ट्रॅकरवर टाकलं की दुसऱ्या दिवशी येतं. ते तयार टीटीएफ, म्हणजे फॉन्टची फाईल, देतात पण आपण ती न वापरता सोर्सवरून फॉन्टफोर्जने परत बांधतो, आणि बांधताना फाईलमध्ये वेळेचा शिक्का बसतो तो सोर्स डेट ईपॉक या ठरवून दिलेल्या वेळेवरून घ्यावा लागतो, नाहीतर दर वेळी वेगळी फाईल निघते आणि रिप्रोड्युसिबल बिल्डवाले बग टाकतात. मराठी लोकॅल, म्हणजे भाषेचं सेटिंग, असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसले पाहिजेत, हिंदीचे नाही, हे अपस्ट्रीम एकदा विसरलं होतं.

आणि तो तिसरा पॅच. २०१७ चा. नाव नुसतं "फिक्स", वर वर्णनाच्या जागी काही नाही, लिहिणारा मी. काय फिक्स केलंय? देवाला माहीत. काढून बांधून बघितलं, सगळं ठीक. मग लिबरऑफिसमध्ये ओळींमधलं अंतर कमी करून एक पान टाईप केलं तेव्हा दिसलं, हू, कू यांचे खालचे उकार कापले जातायत. ओळीची उंची खोटी होती मूळ फॉन्टमध्ये, ती मी तेव्हा वाढवली होती. आठ वर्षांपूर्वीच्या मला एक ओळ लिहायला काय झालं होतं?

शेवटी राहिली माझी तपासणीची फाईल. साधी टेक्स्ट फाईल, प्रत्येक नवीन व्हर्जनला उघडायची, मोठी करायची आणि डोळ्याने बघायची. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, सुऱ्या, वाऱ्यावर, असे चाळीसेक शब्द. नऊ वर्षं हीच माझी टेस्ट. सगळे ऱ्य वाले. ऱ्ह चा एकही शब्द नाही. गुऱ्हाळ नाही, बिऱ्हाड नाही, कऱ्हाड नाही. शाळेत र्‍य आणि र्‍ह ही जोडी एकाच दमात शिकवतात, आणि मी त्यातला एक अख्खा विसरलो होतो आणि कुणाला पत्ता नव्हता कारण ती फाईल माझ्या घरच्या मशीनवर होती, रेपोमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात, नव्हतीच.

रविवार, २१ सप्टेंबर

आज ती भेटली. सकाळच्या एसटीने आली, स्वारगेटला उतरली, बाहेरच्या अमृततुल्यमध्ये बसलो. आधी "सर", मग मी म्हटलं सर नको, तर "दादा" वर आलं, ठीक आहे.

तशी भेटायची सक्ती नव्हती. ती आधीपासून डीएम, म्हणजे डेबियन मेंटेनर आहे, दोन पायथॉनची पॅकेजं सांभाळते, मी एक कमांड दिली की तिला या पॅकेजला अपलोड करायचा हक्क मिळाला असता. पण तिच्या कीवर, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर, एकाच डीडीची, म्हणजे पूर्ण हक्काच्या डेबियन डेव्हलपरची, सही आहे, पुढे स्वतः डीडी व्हायचं तर अजून एक लागेल, आणि खरं कारण दुसरंच आहे, मला माणूस बघायचा होता.

याला कारण एक्सझेड, फाईली दाबून लहान करायचं टूल. मार्च २०२४ मधली ती गोष्ट मी अजून विसरू शकत नाही. एक थकलेला माणूस वर्षानुवर्षं एकटाच एक्सझेड युटिल्स सांभाळत होता, २०२१ पासून एक नवीन जण येऊन चांगले पॅचेस द्यायला लागला, २०२२ मध्ये भलत्याच नावांच्या लोकांनी मेल टाकून त्या थकलेल्यावर दबाव आणला की तुला वेळ नाही तर दुसऱ्याला दे, आणि त्याने हळूहळू दिलं. दोन वर्षांनी ५.६.० मध्ये चोरून आत शिरायचं मागचं दार निघालं. पकडलं कुणी, तर पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने, त्याच्या डेबियन सिडवर, म्हणजे कायम बदलत्या आवृत्तीवर, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून तो खोदत गेला. २९ मार्चला त्याने जाहीर केलं. तो अर्धा सेकंद त्याने सोडून दिला असता तर? २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं तसंच झालं होतं, मूळ लेखक ते वापरतच नव्हता, एकाने मागितलं, देऊन टाकलं, आणि त्या नव्याने आत बिटकॉइन वॉलेट चोरणारा कोड घुसवला.

तेव्हा सगळे त्या जुन्या मेंटेनर्सना बोलत होते. मी गप्प होतो, कारण मला माहीत होतं की मला कुणी मार्च २०२४ च्या आधी दोन गोड मेल टाकून पॅकेज मागितलं असतं तर मी सुटलो म्हणत दिलं असतं.

तर आज आम्ही चहा पीत एकमेकांच्या कीचे फिंगरप्रिंट वाचून दाखवले. चाळीस अक्षरं, चार चारच्या दहा गटात. तिने कागदावर छापून आणलं होतं, मी मोबाईलवरून वाचत होतो, बाजूच्या टेबलावरचे आजोबा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले, त्यांना बहुतेक लॉटरी वाटली. मग ओळखपत्रं. तिच्या आधारवरचा फोटो तिच्यासारखा अजिबात दिसत नाही, माझा तर माझ्या काकासारखा दिसतो, त्यामुळे दोघांनी पासपोर्ट काढले.

यातून काय सिद्ध झालं म्हणाल तर फार काही नाही. ती तीच आहे एवढं. एक्सझेडवालाही दोन वर्षं व्यवस्थितच वागला होता. पण मग तिने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि विचारलं, "दादा, ती तुमची शब्दांची यादी डोळ्याने का बघता, एचबी-शेपने ग्लिफचे नंबर काढून ताडून बघता येईल की, ऑटोपीकेजीटेस्टमध्ये टाकते मी." म्हणजे अक्षरांचे आकार बरोबर आलेत का ते मशीनच आपोआप तपासणार. चहा संपेपर्यंत तिने पहिले पाच शब्द करून दाखवले. नऊ वर्षं मी डोळे फोडत होतो. आणि वर तिसऱ्या पॅचवर वर्णन लिहा म्हणाली, उकारांचं, तुमच्या शब्दात, मला नंतर आठवणार नाही. तेव्हा माझी शंका गेली असं नाही म्हणणार मी, पण जो माणूस कागदपत्रं लिहून मागतो त्याच्याबद्दल आपलं मत जरा चांगलंच होतं.

जाताना म्हणाली, तुमचं नाव अपलोडर्समध्ये, सहमेंटेनर म्हणून, ठेवू का? मी पटकन हो म्हणणार होतो. मग चौदा महिने आठवले. म्हटलं नको, काढ. चेंजलॉगमध्ये, बदलांच्या नोंदीत, आहेच की, तिथून कुणी काढत नाही.

घरी येऊन कमांड दिली. एक ओळ, तिचा फिंगरप्रिंट, पॅकेजचं नाव. सही, पाठवलं. नंतर भांडी घासली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसरा झाला. सकाळी सवयीने सिडवर अपडेट चालवलं, अठ्ठेचाळीस पॅकेजं, आणि त्यात आमचं, म्हणजे तिचं. अपलोड स्वीकारल्याची मेल मला आली नव्हती, येणारच नव्हती, ती आता मेंटेनरला जाते. नऊ वर्षांत पहिल्यांदा या पॅकेजची बातमी मला बाकी सगळ्यांसारखी एपीटीकडून, म्हणजे पॅकेजं उतरवून घेणाऱ्या टूलकडून, कळली.

चेंजलॉग उघडून वाचला. नवीन मेंटेनर. मग जुलै २०२४ चा तो बग बंद. मग टेस्ट. खाली तिचं नाव आणि तारीख, मधे दोन स्पेस बरोबर सोडलेल्या, मी पहिल्या वर्षी एकच सोडायचो आणि टूल ओरडायचं. एका ओळीत स्पेलिंगची चूक आहे. मेल लिहायला घेतली होती, खोडली.

टेस्टची यादी बघितली. माझे चाळीस शब्द तसेच, त्याच क्रमाने, खाली तिचे अकरा. पहिला कऱ्हाड. मी तो एडिटरमध्ये टाईप केला, आकार वाढवत वाढवत दोनशेवर नेला, स्क्रीनवर जेमतेम मावला. चंद्रकोर ह च्या बाहेर, सुटसुटीत, मधे केसाएवढी फट.

आई चहा घेऊन आली, तिला दाखवलं, म्हटलं बघ, आता बरोबर दिसतंय. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, असंच तर लिहितात ना पहिल्यापासून.