तुम्ही विचारलंत म्हणून: मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो तर ऑफिसला कळेल का?

हा प्रश्न नेहमी सगळ्यात शेवटी येतो. उडालेली झोप, छातीतली धडधड, सकाळच्या लोकलमध्ये चढताना भरून येणारं रडू, हे सगळं सांगून झाल्यावर. डॉक्टरकडून ऑफिसला कळणार नाही. कळतं ते बहुतेकदा आपण स्वतःच एचआरला दिलेल्या कागदातून.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत, मुख्य असे: कुणाच्या जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची भीती, कोर्टाचा आदेश, किंवा तुमच्यावर उपचार करणारे दुसरे डॉक्टर. मॅनेजरचा फोन यात बसत नाही.

आता कागदांकडे या. रजेसाठी केसपेपर किंवा प्रिस्क्रिप्शन देऊ नका, कारण त्यावर निदान असतं आणि गोळ्यांची नावंही. द्यायचं ते मेडिकल सर्टिफिकेट. 'उपचार सुरू आहेत, अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक' एवढा मजकूर बहुतेक ठिकाणी चालतो. निदान लिहू नका, असं डॉक्टरांना आधीच सांगा. पण मजकूर जपला तरी लेटरहेड बोलतं. त्यावर 'मनोविकारतज्ज्ञ' छापलेलं असतं. म्हणून उपचारांची कल्पना असलेल्या फॅमिली डॉक्टरांनी स्वतः तपासून सर्टिफिकेट दिलं, तर जास्त बरं. त्यांच्याकडे 'टायफॉइड लिहून द्या' असा हट्ट मात्र धरू नका. खोट्या सर्टिफिकेटने डॉक्टर अडचणीत येतात आणि पुढे विम्याच्या क्लेममध्ये कागद जुळत नाहीत.

औषधांची बिलं कंपनीकडून परत मिळत असतील, तर तिथेही गोळीचं नाव जातं. क्लेम एचआरच्या हातात न देता थेट विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) पोर्टलवर टाकता येतो का, ते विचारून घ्या. अपॉइंटमेंटसाठी ऑफिसचा ईमेल नको, लॅपटॉपही नको. कंपनीने समुपदेशक नेमला असेल, तर पहिल्याच भेटीत विचारा, 'कंपनीला माझं नाव जातं, की फक्त किती जण आले तो आकडा?'

ऑफिसपासून लपवा, डॉक्टरपासून मात्र नोकरीबद्दल काहीही लपवू नका. इथे होणारी चूक खरोखर घातक ठरू शकते. क्रेन, प्रेस मशीन, बेस्टची बस, डिलिव्हरीची बाइक, यांपैकी काही चालवत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. काही गोळ्यांनी सुरुवातीला गुंगी येते. नाइट शिफ्ट असेल, कसारा किंवा विरारहून येऊन-जाऊन तीन-चार तास मोडत असतील, तर गोळीची वेळ त्यावर ठरते. 'रात्री झोपताना' हा सल्ला सकाळी सातला घरी पोचणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून त्या सोडणारे पुष्कळ. क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी जुन्या चिठ्ठीवर घेत राहू नका. तिची सवय लागते आणि एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात.

साहेबांना काही सांगणं भागच असेल, तर आजार सांगू नका, कामात हवा तो बदल मागा: 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पुढचे चार आठवडे मला नाइट शिफ्ट नको.' तोंडी बोला, मग लेखीही द्या.

पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणाचा भत्ता मानसिक आजारालाही आहे: वर्षात 91 दिवसांपर्यंत, मजुरीच्या 70 टक्के. ईएसआय नसेल, तर मुंबईत केईएम, नायर, सायन या हॉस्पिटलांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. आणि कुठे जायचं धाडसच होत नसेल, तर 14416, टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर सर्टिफिकेटचा विचार नंतर, हा फोन आत्ता.