लायसन्स अडकलं बंद लॅपटॉपात, आणि वाडा उद्या उतरवणार

वाडा वाईच्या बाजूचा, दोन चौकी. पुढचा चौक ठीक होता पण मागच्याची एक तुळई एवढी वाकलेली की खाली उभं राहायलाच नको वाटायचं. मे संपत आलेला, पावसाच्या आत मागचा चौक उतरवून लाकूड झाकून ठेवायचं ठरलेलं आणि सुतारांची टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. म्हणजे मोजमाप जे काय करायचं ते आजच, उद्या मोजायला तिथं काही उरणारच नाही.

पुढच्या चौकाचं लेझर स्कॅनिंग आधी झालेलं. मागे मात्र आम्ही टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरून एकेक बिंदू साधून त्याची जागा मोजणारं यंत्र, लावलं, कारण स्कॅनर सगळंच घेतो, कणग्या, जुन्या ट्रंका, दोरीवरचे कपडे सगळं, आणि मग ऑफिसात बसून ते पुसत बसा. टोटल स्टेशनला काय घ्यायचं ते आपण ठरवतो. त्याला ऑटोकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्रॅमशी जोडणारं एक प्लगिन, म्हणजे छोटा जोडप्रोग्रॅम, आहे आमच्याकडे, इंग्लंडातल्या एका अगदी छोट्या कंपनीचं, खास जुन्या इमारतींच्या मोजमापासाठी केलेलं. खांबाचा कोपरा साधला की तो पॉइंट लगेच लॅपटॉपवर ऑटोकॅडमध्ये पडतो आणि रेघ तिथल्या तिथे जोडली जाते, त्यामुळे काय राहिलं ते जागेवरच दिसतं. एकदा सवय लागली की सुटत नाही.

अकराच्या सुमारास लाइट गेली, आली, परत गेली, आणि परत आली तेव्हा लॅपटॉपमधून जळका वास. संपलं. ड्रॉइंग चहाच्या वेळी पेनड्राइव्हवर घेतलेलं होतं म्हणून सकाळचं काम वाचलं. ज्युनियर पोरीचा लॅपटॉप होता, पण त्यात कॉलेजचं एज्युकेशन लायसन्स, ते फी घेऊन केलेल्या कामाला चालत नाही. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑफिसच्या अकाउंटनं लॉगिन केलं आणि ऑटोकॅड सुरू झालं. सबस्क्रिप्शनला मी एरवी कितीही नावं ठेवत असले तरी त्या वेळी बरं वाटलं, लायसन्स माणसाच्या नावावर, मशीन कुठलंही असो.

प्लगिनचं तसं नाही ना. ते नोड-लॉक्ड, म्हणजे एका मशीनला बांधलेलं. दुसऱ्यावर न्यायचं तर आधी जुन्या मशीनवर जाऊन डीअॅक्टिव्हेट करायचं, आणि जुनं मशीन तर चालूच होत नाही! ट्रायल घ्यावं म्हटलं तर ते या लॅपटॉपवर पूर्वीच वापरून संपलेलं. आणि वर मेंटेनन्स कराराची, म्हणजे पैसे भरून मदत आणि नवी व्हर्जन मिळतात त्याची, मुदत गेलेली, कारण एका सरकारी कामाचं बिल अडकलेलं आणि ऑफिसच्या सरांनी म्हटलं होतं की लायसन्स कायमचं आहे, चालतंय तोवर चालू दे. सरांना फोन केला तर म्हणाले मेल टाक, बघू. मेल टाकला, पण इंग्लंडात सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, तोपर्यंत कोण वाचतंय.

आमचे ड्राफ्ट्समन काका तोवर शांतपणे फिल्डबुक काढून बसलेले. म्हणाले, "मॅडम, टोटल स्टेशनला मेमरी आहे की. तुम्ही पॉइंट मारा, मी नंबर लिहितो." हे खरं तर जुनंच काम. टोटल स्टेशन प्रत्येक पॉइंटचा नंबर, पूर्व, उत्तर, उंची आणि एक कोड साठवतं, पण कुठला पॉइंट कुठल्याला जोडायचा ते त्याला कळत नाही, ते स्केचवर हवं. काकांनी एकेका भिंतीचं पान केलं, खांबाच्या तळखड्याला चार नंबर, वर तुळईला दोन टोकं आणि मध्ये जिथं वाक सगळ्यात जास्त तिथं एक, कडीपाटाच्या कड्या मोजून. आणि मग त्यांना तुळयांच्या टोकांवर सुतारानं पटाशीनं काढलेल्या खुणा दिसल्या, कुठे तीन रेघा, कुठे चार, कुठे फुली, कुठली तुळई कुठल्या खांबावर बसते ते जुळवण्यासाठीच्या. धूळ पुसत पुसत त्यांनी त्या सगळ्या पानावर उतरवल्या. वाडा परत उभा करायचा असेल तर यापेक्षा महत्त्वाचं काही नाही, आणि मी स्क्रीनकडे बघत असते तर हे सुटलंच असतं असं मला वाटतं.

घरातल्या आजी मध्येच येऊन म्हणाल्या, "अगं, कोनाडा पण घे गं, त्यात आमचा दिवा असायचा." घेतला.

दोनच्या आत उत्तर आलं. तिकीट नंबर नाही, चॅटबॉट नाही, ज्यानं तो प्रोग्रॅम लिहिलाय त्याच माणसाचं. मेंटेनन्स संपलेलं त्याला दिसत होतं, तरी पैशाचं अक्षर न काढता त्यानं तात्पुरती लायसन्स की पाठवली, वर विचारलं की टोटल स्टेशन कुठलं, केबल कुठली, म्हणजे पोर्टचं सेटिंग सांगतो. उरलेली परसदाराची बाजू आम्ही नेहमीसारखी लाइव्ह काढली. रात्री वाईच्या लॉजवर मेमरीतले पॉइंट आत घेतले आणि काकांच्या पानांवरून रेघा जोडल्या. खांबांवर चिकटवलेली टार्गेट, म्हणजे निशाणीचे कागद, टोटल स्टेशन उभं केलेल्या दोन्ही जागांवरून साधलेली होती, त्यामुळे सगळं एकमेकांवर बसलं.

मोठ्या कंपनीकडून असा माणूस मिळत नाही. त्यांचा मुंबईतला रिसेलर विक्रीला पटाईत, पण कललेला खांब कसा काढायचा विचारलं तर ब्रोशर पाठवतो. उलट छोट्या कंपनीत तो एकच माणूस, तो थकला किंवा दुकान बंद केलं तर की कोण देणार? आणि कायमचं लायसन्स म्हणतात तेही त्या एका व्हर्जनचंच. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये नवी कायमची लायसन्स विकणं जवळपास बंद केलं, सबस्क्रिप्शनवर मागची मोजकीच व्हर्जन मिळतात आणि ऑटोकॅड पुढे सरकलं की जुनं प्लगिन कधीतरी लोड व्हायचं थांबतं, मग तुमचं कायमचं लायसन्स घेऊन काय करणार. ऑटोकॅड एलटी स्वस्त पडतं म्हणून घ्यावं तर अशी प्लगिन त्यात चालत नाहीत. फोटोग्रामेट्रीत, म्हणजे फोटोंवरून मोजमाप काढण्यात, तीच गत, त्यासाठीच्या मेटाशेप प्रोग्रॅमचं स्टँडर्ड १७९ डॉलरला आणि प्रोफेशनल ३४९९ ला, आणि आपल्याला लागणारे कंट्रोल पॉइंट, म्हणजे फोटो मोजलेल्या जागांशी जुळवणारे बिंदू, नेमके महागड्यात. क्लाउडकम्पेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पॉइंट क्लाउडला, म्हणजे स्कॅनमधून येणाऱ्या बिंदूंच्या ढिगाला, आम्ही रोज वापरतो, पण अडलात तर फोरमवर लिहून वाट बघा.

आता कुठलंही नवीन घेताना मी विक्रेत्याला विचारते की इंटरनेट नसताना अॅक्टिव्हेट होतं का, मशीन मेलं तर लायसन्स कसं सोडवता, आणि डेटा साध्या टेक्स्टमध्ये, डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या फाइलीत आणि स्कॅन असेल तर ई-५७ या कुठल्याही एका कंपनीचा नसलेल्या फॉरमॅटमध्ये बाहेर येतो का. एकानं तर यावर मला ब्रोशरच पाठवलं.

मेंटेनन्स सरांनी त्याच आठवड्यात रिन्यू केलं, मागच्या मुदतीच्या पैशांसकट. परदेशातलं बिल म्हणून जीएसटी रिव्हर्स चार्जनं आपणच भरायचा, त्यावरून आमच्या सीएचे तीन फोन आले, तिसरा मी काकांकडे दिला.