तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोकॅड वरूनच अपग्रेड मारू का उडवून परत टाकू?

दरवर्षी मार्चएंडच्या धावपळीत नवीन ऑटोकॅड (ज्यात आम्ही इमारतींची ड्रॉईंग काढतो ते सॉफ्टवेअर) येतं आणि मग एप्रिलभर मला फोन. "ताई, वरूनच अपग्रेड मारू का जुनं उडवून फ्रेश टाकू?" मी काही आयटीवाली नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, फक्त आमच्याकडे मशीन बसलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, त्यातून हे खातं माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

आधी एक सांगते, ऑटोकॅडचं नवीन वर्षाचं व्हर्जन जुन्याच्या वर बसतच नाही. 2024 आहे आणि तुम्ही 2025 टाकलंत तर दोन्ही शेजारीशेजारी राहतात, दोन आयकॉन दिसतात. वर बसतं ते फक्त त्याच वर्षाचं छोटं अपडेट, म्हणजे 2024 चं 2024.1 वगैरे, ते बिनधास्त मारा. तुम्ही ज्याला अपग्रेड म्हणताय ते म्हणजे जुन्या व्हर्जनमधली सेटिंग नवीनमध्ये ओढून आणायची ती मायग्रेटची सोय. तर खरा प्रश्न सेटिंग ओढायची का नाही एवढाच आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे. आमच्याकडे एका मशीनची सेटिंग वर्षानुवर्षं अशी पुढे पुढे ढकलत आणलेली, त्यात सपोर्ट पाथला, म्हणजे ऑटोकॅड आपल्या फाईली कुठेकुठे शोधतं त्या यादीत, सर्व्हरच्या अशा ड्राईव्हचं नाव होतं जो काढून टाकूनही जमाना झाला, आणि ऑटोकॅड बिचारं दर वेळी उघडताना तो ड्राईव्ह शोधत बसायचं. आम्ही मात्र रॅम वाढवा रॅम वाढवा म्हणून सरांच्या मागे लागलेलो.

प्लगइनचंही, म्हणजे ऑटोकॅडला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामचंही तसंच. 2025 व्हर्जनला ऑटोकॅड डॉटनेट 8 वर गेलं (डॉटनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम बनवायची सोय), त्यामुळे जुन्या डॉटनेटवर बनवलेलं प्लगइन नुसतं ओढून आणून चालत नाही, बनवणाऱ्याकडून नवीन घ्यावं लागतं. लिस्पला (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे घरगुती प्रोग्राम) सहसा काही होत नाही. म्हणून सबमिशनचं (बांधकाम परवानगीसाठी द्यायच्या ड्रॉईंगचं) प्लगइन नवीनमध्ये चालतंय हे डोळ्यांनी बघेपर्यंत जुनं व्हर्जन काढायचं नाही म्हणजे नाही.

आता दुसरी बाजू, उडवून परत टाकणारे. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केलं, परत टाकलं, आणि तोच एरर परत आला की म्हणतात सेटअपच खराब आहे. अहो, अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्राम जातो, तुमची सेटिंग जात नाही. ती तुमच्या विंडोज युजरच्या ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) मागे राहते आणि नवीन ऑटोकॅड आलं की परत तीच घेऊन उठतं. दोन तास घालवून तुम्ही होता तिथंच. त्यापेक्षा स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्याच फोल्डरमध्ये रीसेट सेटिंग्ज टू डीफॉल्ट असतं ते आधी मारा (आधी बॅकअप घेऊ का विचारतं, हो म्हणा). किंवा त्याच मशीनवर दुसरा विंडोज युजर बनवून त्यात ऑटोकॅड उघडा. तिथं नीट चाललं तर इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे, भानगड तुमच्या प्रोफाईलमध्ये आहे. हे मला फार उशिरा कळलं.

आणि कधीकधी भानगड मशीनमध्ये नसतेच. एकदा आमच्याकडे एक्सप्लोड कमांड (जोडलेल्या वस्तूचे सुटे तुकडे करणारी) चालेना. ऑटोकॅड काढलं, टाकलं, परत तेच, मग विंडोजसकट फॉरमॅट, प्रोजेक्टचा फोल्डर उघडला की परत तेच! शेवटी सापडलं की ड्रॉईंगच्या फोल्डरमध्येच अकॅडडॉक डॉट एलएसपी नावाची एक फाईल बसलीये जी आमच्यापैकी कोणी बनवलेलीच नव्हती, बाहेरून आलेल्या पेनड्राईव्हमधून ड्रॉईंगबरोबर आलेली. या नावाची फाईल मिळाली की जुनं ऑटोकॅड न विचारता ती लोड करायचं, आणि ती स्वतःची कॉपी पुढच्या फोल्डरमध्ये टाकत सुटायची. 2014 पासून अनोळखी फाईल लोड करण्याआधी ऑटोकॅड विचारतं, पण आपण सगळे त्यावर न वाचता लोड दाबतो हे वेगळं सांगायला नको.

मग मी फ्रेशच्या बाजूची कशी? तर हो आहे, पण त्यासाठी एकदा चांगलंच तोंड पोळलंय. नवीन नवीन उत्साह होता, सगळं स्वच्छ करायचं म्हणून ॲपडेटामधला फोल्डरसुद्धा उडवला, कॉपी न घेता. दुसऱ्या दिवशी सबमिशनचे प्रिंट. आमच्या ऑफिसची सीटीबी फाईल, म्हणजे कुठला रंग किती जाड आणि काळा का रंगीत प्लॉट व्हायचा ते ज्यात असतं ती, त्याच फोल्डरमध्ये होती. ती मिसिंग दिसली म्हणून आमच्यातल्या एकानं समोर दिसली ती मोनोक्रोम डॉट सीटीबी लावून धडाधड सहा सेट मारले. सबमिशन ड्रॉईंगमध्ये नवीन बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, ड्रेनेज तुटक लाल, आणि आमचे सहाच्या सहा सेट कोळशासारखे काळे. नवीन भिंत कुठली आणि पाडायची कुठली ते सरांनाही सांगता येईना. चूक सर्वस्वी माझी होती, रात्री जागून ती सीटीबी एकेक रंग आठवत परत बनवली.

तेव्हापासून आमच्या सगळ्या वस्तू सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये असतात. सीटीबी, प्लॉटरची (मोठ्या प्रिंटरची) सेटिंग असलेल्या पीसी3 फाईली, नवीन ड्रॉईंग सुरू करायचे डीडब्ल्यूटी टेम्प्लेट, लिस्प, हॅच म्हणजे भरायचे नमुने, लाईनटाईप म्हणजे रेषांचे प्रकार, ऑटोकॅडचे एसएचएक्स फाँट. आणि मराठीचे जुने फाँटसुद्धा, ते विसरू नका! श्रीलिपीच्या (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या) काळातल्या ड्रॉईंगमध्ये गावठाण, गट नंबर असलं जे काही मराठी लिहिलंय ते युनिकोड नाही, फाँट गेला की त्या जागी अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं येतात आणि नवीन पोरांना वाटतं फाईल करप्ट झाली. नवीन व्हर्जन टाकलं की मी ऑप्शन्समध्ये जाऊन सपोर्ट पाथ आणि प्लॉट स्टाईलचा पाथ या फोल्डरकडे वळवते, फोल्डर ट्रस्टेडमध्ये टाकते म्हणजे त्यातल्या फाईलींना ऑटोकॅड विचारत बसत नाही, प्रोफाईल एक्सपोर्ट करून बाकीच्या मशीनवर इम्पोर्ट. अर्ध्या दिवसात सगळं ऑफिस कामाला लागतं, जुन्यातलं काही ओढावं लागत नाही.

एक पीजीपी फाईल मात्र राहिलीच होती, ज्यात कमांडचे शॉर्टकट असतात. आमच्या ड्राफ्ट्समनकाकांनी सी म्हणजे कॉपी असं कधीकाळी करून घेतलेलं, मूळ ऑटोकॅडमध्ये सी म्हणजे सर्कल. फ्रेश टाकल्यावर सकाळी काका बसले, भिंती सिलेक्ट करून सी मारला, सर्कल. परत मारला, परत सर्कल. दुपारपर्यंत कोणाशी काही बोलले नाहीत आणि मग चहाला आल्यावर म्हणाले, "बाई, तुझं नवीन सॉफ्टवेअर बिघडलेलं आलंय, परत पाठव." आता ती पीजीपीही फोल्डरमध्ये आहे, काकांच्या नावानं.